राजपुत्र खिंडीवरून येणार

४ ऑक्टोबर. वडसा.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही.
कंपनीच्या ऑफिसात घोर अपमान. बावीस सीझन मी झाडीपट्टीच्या नाटकातला राजपुत्र. आज मालकीण चंदाबाई म्हणाल्या, लहानूभाऊ, औंदा राजपुत्राचं काम दिनेश करन, तुमी त्याचे वडील करा. वडील! त्या पोराला तोंडाला रंग लावायला मी शिकवलं. वर कय्यूम टेलरनं आगीत तेल ओतलं. राजपुत्राच्या शेरवानीच्या शिवणी उसवून उसवून आता सोडायले आत कापडच नाई उरलं म्हणे. कापड आटलं असणार.
तिथेच पण केला. सीझनचा पहिला प्रयोग वैरागडच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत. त्या दिवशी मी सायकलनं, खिंड चढून वैरागडला येणार. आलो तर राजपुत्र मी. चंदाबाई हो म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण सगळ्यांसमोर म्हणाल्या.

५ ऑक्टोबर, सकाळ.
बायको म्हणते, आरमोरीवरून सपाट रस्ता आहे, एसटी आहे, खिंड कशाला? राजपुत्र एसटीनं येतो का? गोंडराजांचा किल्ला, मंडईची गर्दी, आणि डोंगर उतरून मी. एन्ट्रीलाच टाळ्या.
सायकल दीपालीची. शाळेतून मिळालेली, पुढे बास्केट. बाबा, बास्केट काढू नका, असा मुलीचा आदेश. ठीक. तलवार ठेवायला होईल.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ.
राईस मिलपर्यंत जाऊन आलो. सीट आहे की पाटा? उभ्यानं लिहितो आहे. ट्रेनिंग हळूहळू वाढवायचं असतं, हे सायन्स आहे. उद्या रेस्ट.

९ ऑक्टोबर.
भात बंद.

१० ऑक्टोबर.
वडशात राहून भात सोडणं हा गावाचा अपमान आहे. फक्त रात्रीचा बंद.

११ ऑक्टोबर.
फक्त तिसरी वाढ बंद.

१४ ऑक्टोबर.
आमचे पडदे बांधणाऱ्या सुकलूचं गाव खिंडीच्या पायथ्याशी. त्याला रस्ता विचारला. रस्ता मस्त हाय भाऊ, म्हणाला, कोणीच जात नाई. म्हटलं, मला शांतताच हवी. तर म्हणे, वाघ बी शांतच हाय. गावाकडचे लोक फार घाबरट.
एक गोष्ट मात्र कामाची कळली. खिंडीच्या माथ्यावर देवाचा गोट्यांचा ढीग आहे. जाणारा प्रत्येकजण पायथ्याचा एक गोटा वर नेऊन ठेवतो. मला लगेच आयडिया. त्यातला एक गोटा खाली आणायचा, म्हणजे पुरावा! सुकलू पुढे काहीतरी सांगत होता, पण माझी ट्रेनिंगची वेळ झाली होती. (घरी येऊन झोपलो.)

२१ ऑक्टोबर.
दिवाळी. करंज्या. कार्बोहायड्रेट साठवून ठेवावे लागतात.

२८ ऑक्टोबर, सकाळी ८.
निघालो. दिनेशनं सायकलला झेंडूचा हार घातला. पोरगा वरून हसतो. आतून जळतो आहे.

२८ ऑक्टोबर, साडेदहा.
पायथ्याच्या अलीकडचा छोटा पूल. इथून चढ दिसतो. याला चढ कोणी म्हटलं? भिंत आहे ही. बाजूला फॉरेस्टवाल्यांची वाघाची पाटी. खरोखरच फार शांत आहे.

२८ ऑक्टोबर, पावणेअकरा.
माकडं अचानक ओरडायला लागली. कलावंताला निसर्गाचा इशारा कळतो. पुलाच्या कठड्यातून एक गोटा निघालेला होता. माथ्यावरचा काय, पुलाचा काय, डोंगर तर एकच. बास्केटमध्ये टाकला. आरमोरीचा सपाट रस्ता धरतो. शहाण्यानं परिस्थिती पाहून वागावं.

२८ ऑक्टोबर, दीड वाजता. वैरागड.
धानाच्या ट्रॉलीला हात धरून आलो. गावाबाहेर हापशावर तोंडाला आणि शर्टाला पाणी मारून घाम आणला. एन्ट्री कडक! बास्केटमधला गोटा उचलून सगळ्यांना दाखवला. हा खिंडीतल्या देवाचा, म्हटलं.
टाळ्या नाहीत. सुकलूनं हातातली दोरी खाली टाकली. भाऊ, देवाचा गोटा खाली काऊन आणला? तो वर न्यायचा असते, आणायचा नसते. म्हणाला, मी आता पडदा बांधत नाई. चंदाबाईंनी कानाला हात लावले, म्हणाल्या, आधी गोटा जागेवर, मग नाटकाचा नारळ फुटन. ज्यानं आणला त्यानंच नेऊन ठेवावा, पायी. कय्यूम म्हणाला, सही बात हाय.
आता खरं सांगितलं तर राजपुत्र गेला. नाही सांगितलं तर भिंत चढायची, वाघासकट. चढतो.

२९ ऑक्टोबर. वैरागड.
नीट लिहायला हवं.
टेम्पोनं पायथ्यापर्यंत, पुढे सुकलू आणि मी. तो वाटभर काठी आपटत मोठ्यानं गात होता. मी दर वळणावर निसर्ग पाहायला बसत होतो. शेवटचं वळण तर चक्क हातापायांवर. माथ्यावर सुकलूनं गोटा हातात घेऊन फिरवून पाहिला. सिमेंट चिकटलेलं होतं. म्हणाला, भाऊ, हा तं पुलाचा गोटा हाय.
मी खाली बसलो. दम लागला होता.
मग तो खूप हसला. म्हणाला, ठेवा. खालून वर आणला नं? देवाले हेच पाह्यजे. कोणाले सांगत नाई.
ठेवला. खाली धानाची शेतं, पार तिकडे वैरागडचा किल्ला. मला रडू आलं. मी खिंड चढलो होतो, खरोखर चढलो होतो, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.
परत आलो तेव्हा प्रयोगाला भरपूर वेळ होता. चंदाबाई म्हणाल्या, शब्द तो शब्द, घाला शेरवानी. घातली. मेकअपच्या खोलीत पाच मिनिटं पाय लांब केले. टाळ्यांनी जाग आली. मनात म्हटलं, माझी एन्ट्री. बाहेर जाऊन पाहतो तर दिनेश स्वतःच्या शर्टपँटवर राजपुत्र होऊन वाकून नमस्कार करत होता. नाटक संपलं होतं. मला उठवायचा सगळ्यांनी प्रयत्न केला म्हणे. तोंडावर पाणीसुद्धा मारलं.

३१ ऑक्टोबर. वडसा.
वडिलांचा रोल स्वीकारला. पहिल्याच अंकात मरतात. पण मरण भारी आहे.
सुकलूनं शब्द पाळला असावा. कय्यूमनं मात्र सकाळी सहज विचारलं, पूल बरा हाय ना भाऊ?
शेरवानी दिनेशला ढगळ होते. कय्यूमनं दोन्ही बाजूंनी भरपूर कापड काढलं, मखमल आणि जरीसकट. वाया काऊन घालवायचं, म्हणाला. त्यात कापूस भरून त्यानं सायकलच्या सीटला कव्हर शिवून दिलं.
बसून पाहिलं. बावीस सीझनमध्ये त्या शेरवानीत मी इतका आरामात कधी बसलो नव्हतो.