सवतीचा टाक

भिलाई, १९५८

मथुरामायले डोमाचा जयभीम.

उकंडामामाचं पत्र भेटलं. धर्मपाल तापानं गेला, अन् तू सगळ्याईले सांगून राह्यली की सवतीले नदीत सोडलं म्हणून तिनं तुहं लेकरू नेलं.

माय, तिले कोणी नदीत सोडलंच नाही.

माही माय मेली अन् तू घरी आली, तवा मेलेलीचा कोप नको म्हणून बाबानं उमरखेडच्या सोनाराकून तिच्या नावाचा चांदीचा टाक करून तुह्या गळ्यात बांधला. त्यावर हात जोडलेली बाई. सोनारानं माह्या मायले कधी पाह्यलंही नव्हतं, पण मले तोच तिचा चेहरा. छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली, सगळ्याईनं आपले देव पैनगंगेत सोडले. तुहा हात उठत नव्हता. टाक मले देऊन तू म्हणाली, "तुही माय होये, तूच सोड. हळू सोडजो रे, तिले पोहता येत नव्हतं."

म्या गोटा सोडला. टाक इथं माह्या पेटीत हाय.

हे पत्र धाडलं तर उकंडामामा आंगणात सगळ्याईपुढं वाचीन. बाबा म्हणतीन, "पोरगं चोर निंघालं." त्याचं भेव नाही. आज तुह्यापाशी शिव्या द्याले सवत तरी हाय. तिनं नेलं नाही हे कळलं का, तू मले विचारशीन, "मंग माहं लेकरू कायनं गेलं रे, डोमा?"

तवा मी काय सांगू?

तुह्या सवतीचा, तुह्याच हातानं वाढलेला,
डोमा