गोविंदा टेलर गादीवर काहून बसला नाही

बाभुळगाव, मार्च १९६२

आदरणीय भीमराज भाऊजींस, धाकट्या साळ्याचा जय भीम.

तुमची तब्येत चांगलीच असंल, अक्काच्या हातचं जेवून कोणी आजारी पडल्याचं ऐकलं नाही. (हे वाक्य अक्काले मोठ्यानं वाचून दाखवा.) माझी तब्येत कंबरेच्या वर झक्कास आहे. खालचं तुमी विचारणार नाही, म्हणून मीच सांगतो.

दिवसभर मशीनवर बसून बसायच्या जागीच दुखणं लागलं. सकाळी परसाकडे जायचं म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे. सारं गाव म्हणे मूळव्याध. कोणी घोड्याच्या नालेची अंगठी घालाले लावली. शेजारच्या रुपीबाईनं पाला वाटून दिला, तो लावायचा होता, मी पिऊन टाकला. (त्या दिवसाचं लिहीत नाही.) शेवटी यवतमाळले डॉक्टरकडे गेलो. तो म्हणे, मूळव्याध नाही, चीर आहे, अन् जुनी आहे. घमेल्यात कोमट पाणी घेऊन बस, भाजीपाला खा, मलम लाव. नाही भरली तर भूल देऊन बोटांनं ताणू, नाही तर जरासं कापू. भाऊजी, मी टेलर माणूस. फाटल्या कापडाले टाका घालतात हे मले माहीत, फाटलेलं ताणणारा पहिल्यांदाच पाह्यला. (आवळलेलं ढिलं झाल्याबिगर चीर भरत नाही म्हणे. असंल बा.) सध्या घमेल्यावरच भागवून राह्यलो.

अशात तुमी सुचवलेली पोरगी, सत्यभामा, पाहाले मी उकंडाकाकासंगं कळंबले गेलतो. रस्त्यातल्या गड्ड्यांनं घमेल्याची सारी कमाई धुऊन टाकली. सत्यभामाच्या बापानं गादी टाकली. काका बसल्याबरोबर पोह्याले लागला, मी म्हटलं, मी उभाच बरा. आता टाकल्या गादीवर नवरदेव बसला नाही म्हणजे त्याची मागणी बाकी आहे, हे लेकराले बी ठाऊक. मलेच तेवढं दुखण्यात सुचलं नाही. बिचारा म्हणे, घड्याळ देतो. मी म्हटलं, काहीच नको, अन् तरी उभाच. मंग तो म्हणे, बरं, नवी सायकल देतो. सायकलची सीट डोळ्यांपुढे आली अन् मी असा बोंबललो की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. बापाचं तोंड उतरलं. याले मोटारच पाहिजे दिसते, असं तो आत जाऊन बोलला. दाराआडून सत्यभामा पाहून राह्यली होती. खरं सांगतो भाऊजी, मले तिच्याबिगर काही नको. ती हातची गेली तर माझं कशातच मन लागणार नाही.

म्हणून एवढं करा. तिच्या बापाले सांगा, गोविंदाचा गुडघा धरला होता. चिरेचं बोलू नका, सारं वऱ्हाड हासंल.

तुमचा,
गोविंदा

ता. क. : डॉक्टरनं नाव विचारलं तवा लाजेपायी तुमचं सांगतलं. यवतमाळात कोणी तुमच्या चिरेची विचारपूस केली तर 'आराम आहे' म्हणा.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवतच होतो, तर कळंबहून सत्यभामाची शेजारीण लालीबाई आली. तिच्या हाती सत्यभामानं चुंबळ धाडली आहे. बाया घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशीच, पण परातीएवढी, जुन्या लुगड्याची, मऊ. निरोप असा की, हिच्यावर बसत जा, मधात भोक आहे, दुखत नाही. आमच्या बापूले बी हेच आहे, ते बी उभेच होते, तुमी पाह्यलं नाही काय? बापूची समजूत मी घातली, सायकल रद्द.

गुडघ्याचं काही सांगू नका. लग्नाची तारीखच धरून या. हे मी बसून लिहून राह्यलो.