राजीनामा मागे घ्या, कॅप्टन

४ जानेवारी, शनिवार, पहाटे
टक्... टक्... टक्-टक्-टक्. त्या आवाजानंच जाग आली. साठ वर्षांपूर्वी शाळेच्या वाचनालयात दोन टेबलं जोडून आम्ही खेळायचो, मध्ये जाळी म्हणून पुस्तकांची रांग. शेजारच्या वर्गात गुरुजींच्या मागून चाळीस पोरं कविता म्हणायची. चेंडू कवितेच्या ठेक्यातच पडतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.
ही म्हणाली, नळ गळतोय, प्लंबरला फोन करा.
उद्या पुलापलीकडच्या क्लबशी ज्येष्ठांची टेबल टेनिस मॅच. या वर्षी त्यांच्याशीच पाच रविवार, पाच मॅच. आपल्या टीमचा कॅप्टन मी, सलग अकरा वर्षं. एका मॅचमध्ये पाच गेम, आधी तीन जिंकेल तो क्लब विजयी. कोण कितव्या नंबरावर खेळणार, ते कॅप्टन लिहून देतो.
यंदा एक नवा मेंबर आलाय. रिटायर्ड दंतवैद्य, डावखुरा. सत्तरीतही बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे, आणि ते दाखवायची हौस दांडगी. प्रॅक्टिसमध्ये स्कोअर अकरा-दोन. दोन माझे. खांदा आखडला होता.
त्याला पाचव्या नंबरावर ठेवलंय. हुकमाचा एक्का शेवटी टाकायचा असतो. मत्सराचा प्रश्नच येत नाही.

५ जानेवारी, रविवार
०-३. पहिल्या नंबरावर मी हरलो (खांदा). मग पोस्टमास्तर, मग वकीलसाहेब. मॅच तिथेच संपली. दंतवैद्य कपाळाला पट्टी बांधून बसला होता, तो बसलाच.
"दादा, मग मी खेळायचं कधी?" त्यानं हसत विचारलं. बत्तीसही दिसले.
मॅच बघायला आलेली ही त्याला म्हणाली, किती नम्र हो तुम्ही! चव्वेचाळीस वर्षांत मला एकदाही म्हणाली नाही.

८ जानेवारी, बुधवार
संकल्प: जेवणाच्या टेबलावर रोज दोनशे सर्व्हिस. सतराव्या सर्व्हिसला फुलदाणी गेली. संकल्प तूर्त स्थगित.
क्लबच्या नोटीस बोर्डावर निनावी चिठ्ठी: "दातांच्या डॉक्टरांना आधी खेळवा." अक्षर वकीलसाहेबांचं. खाली अकरा सह्या, त्याही निनावी म्हणे! असो. दगड फळं असलेल्या झाडालाच मारतात.

१२ जानेवारी, रविवार
०-३. एक्का पाचव्यावरच होता. माझं धोरण वाऱ्यावर बदलत नाही.
परतताना बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. थकलोय हे ओळखून जागा मोकळी ठेवली बिचाऱ्यांनी. मागून पोस्टमास्तर म्हणत होते, "डॉक्टर, ही दाढ आता काढायलाच हवी." दंतवैद्य म्हणाला, "राहू द्या हो, हलायला लागलीये, आपोआप पडेल." हरल्याचं दुःख नाही, दातांच्या गप्पा!

१४ जानेवारी, मंगळवार
टीव्हीवर एका मोठ्या टीमच्या कॅप्टननं राजीनामा दिला. माइक बाजूला सारला, टोपी काढून टेबलावर ठेवली. काल त्याला शिव्या देणारे आज ढसाढसा रडत होते.
सुचलं! मीही द्यायचा. सगळे विरघळतील, मागे घ्या म्हणतील. मी दोनदा नको म्हणणार, तिसऱ्यांदा हो.
ही म्हणाली, आणि कुणी नाहीच थांबवलं तर? हिला मुत्सद्देगिरी कळत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
दिला. क्लबात एकोणीस जण होते. मी स्वतः वृत्तात बसवून म्हटलं:
निघालो मुलांनो, अता रामराम;
तुम्हांवीण माझे दुजे कोण धाम?
दुसऱ्या ओळीला खरंच रडू आलं. ते ठरलेलं नव्हतं. डोळे पुसेपर्यंत टाळ्या. फार वेळ टाळ्या. मग वकीलसाहेब म्हणाले, "मंजूर." मी नको-नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर दंतवैद्य कॅप्टन झालासुद्धा.
ग्रुपवर राजीनामा टाकला. चार मिनिटांत सदतीस अंगठे. धक्क्यानं शब्द सुचत नसतील.
मनधरणीला येतील म्हणून बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या मांडून ठेवल्या.

१९ जानेवारी, रविवार
दंतवैद्यानं स्वतःला पहिल्या नंबरावर घातलं. आपण ३-०. पोस्टमास्तरही जिंकले, आयुष्यात पहिल्यांदा. दंतवैद्याला खांद्यावर घेऊन मिरवलं म्हणे. मला अकरा वर्षांत कुणी हात धरून जिना उतरवला नाही.
टीम मी घडवली, हा आयत्या बिळावरचा नागोबा. आनंदच आहे. जेवलो नाही, ते पोट बिघडलं म्हणून.

२० जानेवारी, सोमवार, संध्याकाळ
चौथा दिवस. ही म्हणाली, रिकाम्याच आहेत तर दोन खुर्च्यांवर चादर वाळत घालू का? घातली.
सव्वासहाला बेल वाजली. धावलो. मग दारापाशी येऊन मुद्दाम हळू झालो. चष्मा पुसला. "नाही, नाही, आता आग्रह नको," असं म्हणतच दार उघडलं.
दारात पुलापलीकडच्या क्लबचा कॅप्टन. मागे त्यांची अख्खी टीम, चेहरे सुतकी. त्यानं माझे दोन्ही हात घट्ट धरले.
"दादा, अजून दोन मॅच बाकी आहेत. असं अर्ध्यावर सोडून जाऊ नका हो. आम्ही तुमचं काय वाईट केलं?"