सदुसष्ट कुठे गेले?

हवाना, ४ जून १९८६

ती. बाबांस,
ओडालिसचा शि. सा. न.

मजकूर नंतर, आधी आकडा. आपला नियम ठरलेला: जो पत्र लिहील त्याने मागचे दोन आकडे मिळवायचे, वर घराचा एक घालायचा आणि कोपऱ्यात लिहायचं. तुमचे पंचवीस, माझे एक्केचाळीस, वर एक: सदुसष्ट. तुम्ही टाकलेत एकशे नऊ! एकतीस वर्षं शाळेत पोरांचे कान पिळलेत ते कशासाठी? हा उलगडा होईपर्यंत मी पुढचा आकडा टाकणार नाही.

थट्टा करते खरी, पण दोन दिवस अभ्यासात मन नाही. तुमचं अक्षरही ओळ सोडून उतरलंय. तब्येत बरी आहे ना? तेवीसपर्यंत पेपर आहेत, नाहीतर आत्ताच निघाले असते.

रागावू नका, माया आहे तशी राहू द्या.
तुमची ओडालिस

कामाग्वे, ११ जून

चि. ओडालिस हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने वाचून दाखवलं. आकडा बरोबर आहे. सदुसष्टचं पत्र मी मे महिन्यातच लिहिलं. वीस जूनला डोळ्यांचं ऑपरेशन आहे, डॉक्टर खात्री देत नाहीत, त्याआधी तुला एकदा बघायचं आहे, असं त्यात होतं. तुझं उत्तर नाही. फार वाईट वाटलं. मग पुढचं पत्र नुसतं हवापाण्याचं लिहिलं: एक्केचाळीस, सदुसष्ट, वर एक.

सदुसष्टचं ते पत्र पेटीत टाकायला तुझ्या आईकडे दिलं होतं. विचारलं, तर मान खाली घालून युकाचे कंद सोलते आहे. पुढचा आकडा तुझ्याकडे.
बाबा

ता. क. पोरी, मी आई लिहिते आहे. ते पत्र मी कॉफीच्या डब्यात लपवलं. तू पेपर टाकून धावत आली असतीस. वाटलं, एक पत्र गहाळ झालं तर कुणाला कळतंय! तुम्हा बापलेकींचे आकडे ध्यानातच आले नाहीत. आता हे माझ्याशी बोलत नाहीत. पत्र सोबत ठेवलंय. शिव्या दे, पण आईला तोडू नकोस.
नेरेइदा

हवाना, १५ जून

ती. आईस सा. न.

शिव्या समोरासमोर देईन. हे पत्र शेजारच्या एस्तेबानकाकांच्या हाती देते, ते आजच निघताहेत. मी उद्याचा पेपर देऊन अठराच्या गाडीने येते. राहिलेले दोन डिसेंबरात देईन, अर्ज केलाय.

बाबांना सांग, कोपरा मुद्दाम कोरा ठेवलाय. सदुसष्ट, एकशे नऊ, वर घराचा एक. पाटीवर मोठ्या अक्षरात मांडून ठेवा म्हणावं. डोळ्यांवर पट्टी बांधायच्या आधी मी समोर बसून तपासणार आहे.

तोवर दोघं एकमेकांशी बोला.
तुमची ओडालिस