आण्णांच्या दहाव्याच्या चिठ्ठ्या

मंगळवार, ४
आण्णा गेले. काल दुपारी, पुण्यात, दवाखान्यात. आज अंत्यविधीला अख्खा शिरूर तालुका, दौंडकडचीही माणसं. सहा वेळा आमदार, म्हणजे गर्दी होणारच.
रडू आलं नाही. उलट परत येताना मनात आलं, आता चिठ्ठी कोणाला द्यायची? लाज वाटली स्वतःची. पण तीस वर्षं दुसरं केलंय काय? कोणाचाही दहावा असो, आण्णा घाटावर गाडीतून उतरले की मी हातात चिठ्ठी ठेवायचो. मयताचं नाव, मुलं किती, स्वभाव, एखादी आठवण. आण्णा चपला काढता काढता वाचायचे आणि माईकवर असे बोलायचे, जणू मयत त्यांच्याच मांडीवर वाढला.

बुधवार, ५
दहावा १२ ला, इथंच, वडगाव रासाईच्या घाटावर. सूत्रसंचालन माझं. ते असणारच. पण आण्णांचे चिरंजीव, दादा, स्वतः म्हणाले, "मास्तर, ह्या टायमाला शेवटी तुम्ही पण दोन मिन्टं बोला."
मी! आजवर 'आता श्रद्धांजली वाहतील' याच्या पुढं माझी गाडी गेलेली नाही. हिला सांगितलं. ही म्हणाली, "दोन मिन्टात काय बसनार तुमचं? भाजीत मीठ कमी हाय सांगाया पाव तास लागतो."
वही काढली. आठवणी चार निघाल्या. १) न सांगता घरी आले, कांद्याच्या गोणीवर बसून पिठलं खाल्लं. २) माझी बदली थांबवली. ३) पुरात कमरेएवढ्या पाण्यात उतरले. ४) लग्नातून दुसऱ्याच्याच चपला घालून गेले. झकास. दोन मिनिटांना पुरून उरतील.

शुक्रवार, ७
भांडगावच्या आप्पांचा फोन. कारखान्याचे माजी संचालक. "मास्तर, बोलायचं तर हाय, पन बोलायचं काय? दोन मुद्दे द्या की." नाही म्हणायला माझी जीभ कधी वळली आहे? पूर दिला.
दुपारी पाबळचे माजी सभापती घरीच आले. त्यांना पिठलं. "आमच्याच घरी खाल्लं म्हनलं तर चालंल ना?"
चालेल म्हणालो. चहाही पाजला वर.

रविवार, ९
कालपासून फोनच फोन. चपला गेल्या. बदलीही गेली, एका चेअरमनला. ती द्यायची नव्हती. बदलीचा कागद मिळाला तेव्हा ही सात महिन्यांची गरोदर होती. चेअरमन म्हणे, "भारी हाय, माझ्या मेव्हन्याची म्हनून सांगतो."
ही: "वाटा, वाटा. परसाद हाय का त्यो?"
पिठलं आणखी कोणाला दिलं का, नीट आठवत नाही.
रात्र होण्याआधी माझं भाषण लिहायला बसलो. 'आण्णा म्हणजे विकासाचे महामेरू.' खोडलं. महामेरू मी आजवर इतक्या मयतांना लावलाय की... परत फोन.

बुधवार, १२
घाट भरला होता. कावळा पहिल्या झटक्यात शिवला. लोक चपला शोधायला लागले. पण भाषणं कोण सोडतोय? छत्तीस झाली.
आप्पांनी आण्णांना पुरात गळ्यापर्यंत बुडवलं. मी कमरेपर्यंतच दिले होते. सभापतींच्या घरी आण्णांनी पिठल्याबरोबर तीन भाकरी खाल्ल्या. पुढचे उपसभापती उठले, त्यांच्याही घरी पिठलंच, भाकरी पाच. म्हणजे दिलं होतं मी दोघांनाही. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "तरीच साखर वाढली व्हती त्यांची."
साउंडवाले रशीदभाई. दहावे ऐकण्यात माझ्या बरोबरीचे. वायर सरळ करायच्या निमित्तानं कानाशी आले. "मास्तर, सकाळधरनं समदा माल तुमचाच वाजतोय."
मग मी. माईक धरला. काही म्हणजे काही नाही. पिठलं म्हणावं तर तिसरं घर. पूर म्हणावा तर आण्णा वाहूनच जायचे. नुसता उभा. रशीदभाई म्हणतात, पुरती दोन मिनिटं. शेवटी हात जोडून खाली बसलो. समोर बघतो तर लोक डोळे पुसतायत.

गुरुवार, १३
सगळ्या ग्रुपवर माझा व्हिडिओ. 'मास्तर निःशब्द'. आप्पांचा फोन: "आमी बोलून बोलून मेलो आन् तुमी गप ऱ्हाऊन बाजी मारली."
दुःखानं नाही हो. रिकामा होतो म्हणून गप्प होतो. हे फक्त हिला ठाऊक. ही म्हणाली, "मंग आता तसंच गप ऱ्हावा."

शुक्रवार, १४
दाढी करताना आठवलं. इतके दिवस कुठं होतं कोण जाणे.
माझ्या वडिलांचा दहावा. मी डोकं भादरून पिंडापाशी बसलेलो, मग चिठ्ठी कोण देणार? आण्णांनी सवयीनं हात पुढं केला, कोणी काही ठेवलं नाही. तसेच माईकवर गेले. म्हणाले, "मास्तरांच्या वडलांना मी कवा भेटलो न्हाई. मास्तरांना वळखतो. पोरगं असं निघालं म्हंजी बाप चांगलाच असनार." आणि बसले.
केवढा राग आला होता! ज्याच्या त्याच्या बापाला दोन मिनिटं आणि माझ्या बापाला एवढंच? महिनाभर धड बोललो नाही त्यांच्याशी. गाढव मी. सगळ्या दहाव्यांत तेवढंच बोलणं आण्णांचं स्वतःचं होतं.
अर्धी दाढी तशीच ठेवून बसलो. आज रडलो.

शनिवार, १५
उद्या शिरूरला शोकसभा. मलाही बोलायला सांगितलंय. या वेळी बोलायला आहे. कोणाचाही फोन आला तरी उचलायचा नाही असं ठरवलं.
संध्याकाळी दादा घरीच आले. एकटे. दारातच थांबले. मग म्हणाले, "मास्तर, घाटावर समदे सांगत व्हते, आण्णा आमच्याकडं जेवले, आमच्याकडं बसले. आमच्या घरी कवा बसले हो ते? उद्या मी काय बोलू? कुनीच न सांगितलेली एखादी द्या."
पहिल्यांदाच नाही म्हणणार होतो. तोंडून निघालं, बसा, चहा टाकतो.
ते ओसरीवर पेन काढून बसलेत. मी आत येऊन हे लिहितोय. ही डोळे वटारून बघतेय. पोराला आपल्या बापाचं एक खरं वाक्य हवंय. आहे माझ्याकडं. पण त्यातला बाप माझा आहे.