अकरा अंड्यांचा भाव

ग्वीमारास बेट
२९ एप्रिल २०१९

आदरणीय सिस्टर मारिया दे ला पास यांस,

प्रभूची शांती तुमच्या मठावर असो. नाताळच्या कार्डात आपण गुडघेदुखीबद्दल लिहिलं होतं. आता उतार असेल अशी आशा आहे. इकडे सगळे बरे आहोत. आंबे यंदा उशिरा आले आणि सगळे एकदम पिकले. माझ्या रोवेलिनचं लग्न आठ जूनला ठरलं आहे.

आता कामाचं लिहिते. काल दुपारी तुमच्या मठाच्या फिरत्या खिडकीत माझ्या विहीणबाई, सौ. आरासेली, यांनी एक टोपली ठेवली असेल. जूनमधलं लग्न म्हटल्यावर पाऊस पडू नये म्हणून सांता क्लाराला अंडी वाहायची, हे मलाही कळतं. त्यासाठी एक डझन कोंबडीची अंडी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली होती. विहीणबाई रविवारच्या जेवणाला आल्या, पाहुण्यांच्या यादीत आपली सदतीस माणसं वाढवली आणि निघताना स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अंडी मीच पोचवते हो, तुम्हाला बोटीचा त्रास नको." मी मागच्या अंगणात होते. "बरं," म्हणाले. संध्याकाळी आत येऊन बघते तर टेबलावरची डझनभर अंडी जागच्या जागी. कपाटावरची टोपली गायब.

फोन केला तर म्हणतात, "ती टेबलावरची किती बारीक होती, लुदिंग. संताला द्यायचं तर जरा बघून द्यावं."

सिस्टर, ती मोराची अंडी आहेत. अकरा आहेत. रंग सायीसारखा, कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घातलेली. मी मोराचं एक अंडं पाचशे पेसोला विकते, पण ही अकरा विकायची नव्हती. आमचा म्हातारा मोर, गोबेर्नादोर, गुड फ्रायडेला गेला. सतरा वर्षांचा होता. त्याच्या वंशाची एवढीच राहिली आहेत. म्हातारपणाची अंडी, त्यातली किती धरतील देवालाच ठाऊक, पण ती अंड्याच्या गोडात, फ्लानमध्ये, गेलेली मला चालणार नाहीत.

कृपा करून ती धुऊ नयेत, फ्रिजमध्ये ठेवू नयेत आणि रोवेलिनच्या हाती परत द्यावीत. त्यांच्या बदल्यात ती दोन डझन कोंबडीची अंडी देईल. मी स्वतः आले असते, पण उद्या केकवाली येणार आहे, शिवाय लांडोरींना सध्या एकटं सोडवत नाही, शिवाय मला बोट लागते.

आपल्याला लिहिते आहे कारण त्या मठात दुसरं कोणी माझ्या ओळखीचं नाही. माझी आणखी एक वस्तू आपल्याकडे आहे. ती मी मागत नाही. फक्त अंडी मागते आहे.

आपली,
लुदिविना टी. पारेन्यो


६ मे

सिस्टर प्रेसिंग,

रोवेलिनने तुझी चिठ्ठी दिली. खाली तू घरचंच नाव घातलं आहेस, म्हणून मीही तेच लिहिते. टोपली रिकामी बघून आधी मी तिलाच बोलले. मग चिठ्ठी वाचली आणि खुर्ची ओढून बसले.

म्हणजे माझं पत्र यायच्या आधीच तू आठ अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली होतीस. स्वयंपाकाच्या सिस्टरनी तीन फोडल्यावर तू टोपलीपाशी गेलीस, आणि तारखेतल्या सातच्या पोटातली आडवी रेघ बघून तुला कळलं की हे अक्षर कुणाचं. तशी रेघ आता बेटावर कोणी काढत नाही. शाळेत मदर बेर्नार्दाने ती आपल्या दोघींच्या हातावर फूटपट्टी मारून शिकवली होती. तू लिहितेस, "आता हलवली तर मरतील, अठ्ठावीस दिवस थांब." बरोबर आहे. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं, म्हणून तर जास्त राग आला.

आणि खाली विचारतेस, "तीन अंड्यांचे किती द्यायचे? मठाधिपती मदर म्हणतात, चुकून खाल्लं तरी खाल्लंच." फ्लान चांगलं झालं होतं हे कळवायची गरज नव्हती.

भाव. तुला भाव हवा आहे. प्रेसिंग, ताताय गेल्यापासून सतरा वर्षं मी वडिलांचे हे पक्षी पाळते आहे आणि अजून मला भाव सांगता येत नाही. ताताय कुंपणाशी आलेल्या माणसाचे बूट बघून भाव सांगायचे आणि रात्री झोपायचे. मी शाळेत शिकवलेली बाई. मी पुठ्ठ्यावर लिहून फाटकाला लावला. अंडं पाचशे. एका दिवसाचं पिल्लू अडीच हजार. तीन महिन्यांचं चार हजार. तेव्हापासून फाटकाशी जो येतो तो पुठ्ठा वाचतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं 'मानांग' म्हणतो आणि हसतो.

"मानांग, कोंबडीचं अंडं आठ पेसोला मिळतं."

"मग कोंबडी पाळ."

"पण यातून पिल्लू निघेल ना?"

निघेलही, नाहीही. तेच तर विकत घ्यायचं असतं, हे मी कसं समजावू? मागच्या वर्षी एकाने सहा अंडी नेली आणि महिन्याने एक नासलेलं अंडं रुमालात बांधून परत घेऊन आला. अख्खं अंगण घाण झालं. म्हणे, "हे बदलून द्या." मी म्हटलं, "लग्न करून आणलेली बायको आवडली नाही तर तिच्या आईकडे बदलून मागतोस का?" तो म्हणाला, "मागितली होती, दिली नाही."

पिल्लं घेणारे तर त्याहून वाईट. सगळ्यांना नर हवा. रिसॉर्टवाल्याला फोटोसाठी पिसारा हवा, आणि तो तिसऱ्या वर्षी येतो म्हटल्यावर मी फसवल्यासारखं बघतो. मुठीएवढं पिल्लू नर की मादी हे मला कसं कळणार? वर्ष उलटेपर्यंत खात्री देता येत नाही. मग म्हणतो, खात्री नाही तर निम्म्या भावात द्या. सहा महिने सांभाळून देते म्हटलं तर म्हणतो, तोवर तुम्ही भाव वाढवाल. वाढवणारच. खाणं काय त्याचे पाहुणे घालतात?

आणि सकाळची भवानी. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे नानायने आपल्याला दुधाबरोबर पाजलं. बेटावर सगळ्यांना ते ठाऊक आहे. म्हणून खालच्या आळीचा मासेवाला सहा वाजता, मी प्रार्थना म्हणत असताना, फाटकाशी उभा राहतो. "भवानीला आलोय, मानांग, तीनशेला द्या." देते. मग त्याच नोटेने बाकीच्या अंड्यांना वारा घालते, त्यांना तरी चांगला भाव यावा म्हणून. मग त्याचा भाऊ येतो आणि म्हणतो, "भावाला तीनशेला दिलं ना?"

सांगायचं काय, तीन अंड्यांचे पैसे नकोत. आपल्याकडची रीत तुला आठवत असेल: एकाची अंडी, दुसऱ्याची कोंबडी, तर पिल्लं निम्मी निम्मी. आठातून जी निघतील त्यातली निम्मी तुमची. ती विकायची की पाळायची ते मदरना विचार, पण मासेवाल्याला देऊ नका.

तुझ्या चिठ्ठीत ट्रंकेबद्दल काही नव्हतं. मीही लिहिणार नव्हते. पण रोवेलिनने विचारलं, "नानाय, तुमची कुठली वस्तू मावशीकडे आहे?" चिटकवलेलं पाकीट तिने बोटीत उघडून वाचलं होतं. ही तुझी भाची. मी म्हटलं, जुनी ट्रंक आहे. ती म्हणाली, "एवढंच?"

हो. एवढंच. सहा चादरी, बारा रुमाल, चार पांढरी पोलकी, प्रत्येकावर लाल दोऱ्याने एल. टी. नानाय आजारी असताना तिच्या उशाशी बसून मी ती अक्षरं भरली. मठाने मला घेतलं होतं, प्रेसिंग, तुला नाही. नानाय गेली, तातायना एकटं कसं सोडायचं म्हणून मी एक वर्ष मागून घेतलं. आणि तू, एकोणीस वर्षांची, जिला वर्गात दर शुक्रवारी कोपऱ्यात उभं करत, तू म्हणालीस, "मानांग, तू थांबणारच आहेस, तर ट्रंक पडून कशाला ठेवायची?" आणि ट्रंकेसह सकाळच्या बोटीने मठात गेलीस.

माझं काही वाईट झालं नाही. शाळा मिळाली, बेन्हामिनसारखा नवरा पंधरा वर्षं लाभला, रोवेलिन झाली. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. भावावरून निघालं म्हणून लिहिलं.

कोंबडीला पाणी जवळ ठेव. उठून लांब गेली तर अंडी गार पडतात.

लुदिविना


११ जून

प्रेसिंग,

आठ तारखेला पाऊस पडला नाही. आदल्या रात्री पडला, दुसऱ्या दिवशी पडला, लग्नाच्या दिवशी आकाश कोरडं. रोवेलिन सुंदर दिसत होती. विहीणबाई प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगत होत्या, "मोराची अंडी वाहिली, म्हणून." काल सकाळीच फाटकाशी दोन बायका आल्या: "मानांग, सांता क्लाराला वाहायची अंडी द्या. उबवायची नाहीत, तर जरा स्वस्त लावा." आता पुठ्ठ्यावर चौथा भाव लिहावा लागणार.

त्यांना हाकललं आणि बोटीत बसले. हे तुला काल सांगायचं राहिलं. बरंच राहिलं.

मी ठरवून आले होते की मठातल्या भेटीच्या जाळीच्या पलीकडे काय दिसेल त्याला घाबरायचं नाही. चौतीस वर्षं मला वाटत होतं की तिथे मीच बसलेली दिसेन. आणि तू आलीस, बसलीस आणि म्हणालीस, "मानांग, जाड झालीस."

मी म्हटलं, "आणि तू म्हातारी."

मग तू पिल्लांचं खोकं पुढे सरकवलंस आणि आपण वीस मिनिटं पिल्लांवरच बोललो. आठातून पाच. एवढ्या म्हाताऱ्या मोराला पाच म्हणजे खूप झाली. तू म्हणालीस, पाचाचे निम्मे कसे करायचे? मी म्हटलं, दोन तुझी, दोन माझी. "आणि पाचवं?" "पाचवं मठाचं." "हा मठ आहे, बाजार नाही," तू म्हणालीस, "पण निम्मे म्हणजे निम्मे." नानायच्या स्वयंपाकघरात आंब्याच्या कोयीवरून आपण अशाच भांडायचो.

तेवढ्यात घंटा झाली. तू उठलीस, आणि उभ्या उभ्याच विचारलंस, "तातायनी शेवटी माझं नाव काढलं होतं का?"

मी म्हटलं, "आता आठवत नाही."

प्रेसिंग, मला आठवतं.

नऊ दिवस ते अंथरुणावर होते. पहिल्या दिवशी तुझं नाव घेतलं, मग रोज घेतलं. मदर परवानगी देतील, तू एक दिवस येशील, निदान फोनवर बोलशील, हे मला माहीत होतं. पाद्रीबाबा स्वतः म्हणाले, "मी मठात कळवू का?" मी म्हटलं, मी कळवलंय. तातायना म्हटलं, "प्रेसिंगचा निरोप आलाय, ती तुमच्यासाठी प्रार्थना करतेय." त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" आणि मी तुझ्या तोंडचं रचून सांगितलं. रोज थोडं थोडं. त्यांना ते आवडायचं. गोबेर्नादोर तेव्हा चार दिवसांचं पिल्लू होता. ताताय त्याला छातीवर घेऊन ते ऐकायचे. सातव्या दिवशी म्हणाले, "हा नर आहे. प्रेसिंगला सांग." त्यांना कसं कळलं देव जाणे, पण बरोबर निघालं.

दफन झाल्यावर दोन दिवसांनी मी तुला तार केली. "अचानक" असा शब्द घातला.

ट्रंकेचा राग होता, म्हणून. दुसरं कारण शोधायला मी सतरा वर्षं घेतली, मिळालं नाही. पक्ष्यांचा भाव मला ठरवता येत नाही असं सगळ्यांना सांगत आले. त्या मोराला किती गिऱ्हाइकं आली, आणि मी प्रत्येकाला जास्तच सांगत गेले, कोणी देऊ नये म्हणून. त्याला विकलं असतं तर तातायचा तो निरोप कोणाकडे ठेवला असता?

काल घरी येऊन खोकं उघडलं. माझी दोन पिल्लं खाली अंथरलेल्या रुमालावर झोपली होती. धुऊन धुऊन जाळी झाली आहे, पण लाल अक्षरं अजून दिसतात. तू याबद्दल काही बोलली नाहीस.

पाचव्या पिल्लाचं असं करू. ते तुझ्याकडेच राहू दे. नर की मादी ते वर्षभर कळणार नाही, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी बघायला येईन. मला बोट लागत नाही. कधीच लागली नव्हती.

पुढचा पहिला सोमवार एक जुलैला आहे. हे वाचून तुला जाळीशी यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मी मक्याचा भरडा फिरत्या खिडकीत ठेवीन आणि दुपारच्या बोटीने परत जाईन. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येईन.

तातायनी तुझं नाव नऊही दिवस घेतलं. पिल्लाला उकडलेलं अंडं कुस्करून घाल, कोंबडीचं.

तुझी मानांग