पंगतीतून उठलेला माणूस

४ मे १९८१, सकाळी.
करमाडहून शफी आला. धाकट्या बहिणीचा, द्वारकाचा शेजारी. दरवर्षी तिच्याकडून राखी बांधून घेतो. तिचा निरोप: पोरीचं लग्न पंधराला. मामाचा मान दादाचाच. फक्त माझ्यापाशी एकदा ‘चुकलं’ म्हण.

दोन वर्षांपूर्वी तिच्या वास्तुशांतीत मी म्हणे मेहुण्यांना चारचौघांत अडाणी म्हणालो आणि पंगतीतून उठून आलो. डोकंच फिरलं! मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. तो उठलेला माणूस आणि आजचा मी एकच, हे आधी सिद्ध करा. मग माफीचं बघू.

५ मे.
तिला अकरा पानी पत्र लिहिलं. मुद्दा बिनतोड: स्मृती म्हणजेच व्यक्ती. मला त्यातलं काहीच आठवत नाही, सबब तो मी नाही. बायकोला, मनकर्णेला वाचून दाखवलं. पोळी लाटता लाटता तिनं विचारलं, पंगतीत भाजी कसली होती? म्हटलं, वांग्याची, खारट. ती हसत सुटली. या घरात विचाराला वातावरणच नाही.

६ मे.
थिअरी बदलली. माणूस म्हणजे स्वभाव. माझा स्वभाव दोन वर्षांत पार बदललाय, मी शांत झालोय. हे मनकर्णेला तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग मंगळसूत्र कुणाच्या नावाचं घालू, म्हणाली. बायकी मुद्दा. नवं पत्र, चौदा पानं. पोस्टात टाकलं.

१० मे.
गुलमंडीच्या बाजारातून फेटा आणला. मामा मी आहेच. रक्ताच्या नात्याला थिअरी लागत नाही.

१२ मे, दुपारी.
विजय! शफी निरोप घेऊन आला: ‘दादाचं पत्र दोनदा वाचून घेतलं. पटलं. तवा उठून गेला तो मानूस येगळा, ह्यो येगळा.’ कॉलेजच्या वार्षिक अंकात निबंध देणार. शफी चहाही न घेता गेला. त्याला विषय झेपला नसावा.

१५ मे, रात्री.
मांडवात भटजी म्हणाले, मामा, नवरीला आणा. मी फेटा सावरत उठलो. तोवर शफी तिचा हात धरून घेऊन आलाही. मी सगळ्यांदेखत ओरडलो, इथं मामा कोण आहे? द्वारका जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘पोरीचा मामा दोन सालापूर्वी गेला उठून. लई वाट पाह्यली त्याची. तुमी पाव्हणे, जेवून जा.’

तुमी! मला! जन्मात कधी तुमी म्हणाली नव्हती.

‘चुकलं,’ मी म्हणालो. पण वाजंत्री सुरू झाली होती आणि ती अक्षता वाटायला वळली होती. पुन्हा म्हणणार होतो. पण पाचची एस.टी. गाठायची होती.

सहालाही एक होती.